उघडता येणारी पेटी

संगीताच्या संदर्भात ‘पेटी’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे हार्मोनियमच डोळ्यांपुढे उभी राहते. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतील भजनी मंडळांत टाळ, मृदंग आणि वीणा यांच्या शेजारी पेटी असावयाचीच. हे वाद्य मूळचे फ्रान्समधील आणि एकोणिसाव्या शतकातील आहे, हे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल. इतके ते आपल्या अंगवळणी पडले आहे. आता आणखी एक पेटी आपल्या घरांत आली आहे, ती म्हणजे संगणक. आठवी-नववीतील मुलेमुलीही तिच्यावर गाणी ध्वनिमुद्रित करतात, त्यांना ठेका जोडतात, आणि संमेलनाच्या नाटुकल्यांसाठी पावसाचा नि विजांचा आवाज तयार करतात. या दुसऱ्या पेटीविषयी, आणि विशेषतः तिच्या ज्या प्रकाराला ‘मुक्त’ असे विशेषण लागते त्याविषयी, या लेखात सांगावयाचे आहे. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी पहिल्या पेटीपाशी थोडे थांबावे लागेल. कारण आज संगणकाच्या बाबतीत जो प्रश्न पडतो, तोच सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या सांगलीत एका गृहस्थांना हार्मोनियमच्या बाबतीत पडला होता.

हे गृहस्थ म्हणजे कृष्णाजी बल्लाळ देवल. ते डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते. आपल्या संगीतातील बावीस श्रुतींचा उल्लेख प्राचीन ग्रंथांत येतो; त्या श्रुती प्रत्यक्ष गाण्यात कोठे लागतात हे तारांच्या साहाय्याने मोजून पाहण्याचा ध्यास त्यांनी घेतला. मोजण्यासाठी गळाही तसाच हवा. तो त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रूपाने लाभला. देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. त्यांना जे आढळले त्याचे सार असे की, उत्तम गवई जो स्वर लावतो तो हार्मोनियमच्या पट्टीत नसतोच.

हे कसे, ते थोड्या गणिताने पाहू. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनीही ही एक आकडेमोड सोडू नये. पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. समजा, आपला षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा आहे. शुद्ध गंधाराचे षड्जाशी प्रमाण ५:४ असे असते. म्हणजे गंधार ३०० कंपनांचा झाला. हे प्रमाण कोणा पंडिताने ठरविलेले नाही. कोणतीही तार छेडली असता तिच्या मूळ ध्वनीबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म ध्वनीही निघतात. मिरजेचा उत्तम तानपुरा नीट जुळवून शांतपणे ऐकला, तर तारांत कोठेही न लावलेला गंधार त्यातून उमटताना ऐकू येतो. त्याला गवई ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तो या पाचपट कंपनांतून येतो. हार्मोनियमच्या पट्ट्या मात्र निराळ्या हिशेबाने लावलेल्या असतात. तेथे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात. प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या १.०५९४६ पट. या हिशेबाने चार पायऱ्या चढून गंधारावर आले की ३०० ऐवजी सुमारे ३०२.४ कंपने भरतात. पंचमाचे फारसे बिघडत नाही. ३६० च्या जागी ३५९.६ येतात, एवढेच. गंधाराचे मात्र बिघडते. षड्जाची पाचपट कंपने १२००, आणि या चढलेल्या गंधाराची चौपट १२०९ हून थोडी अधिक. हे दोन ध्वनी एकमेकांवर आदळून सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथर निर्माण करतात. तयार कानाला ती थरथर खुपते. बारा सारखे भाग पाडण्यात युरोपीय लोकांची सोय होती. कोणतीही पट्टी षड्ज मानून वाजविता यावे आणि अनेक स्वर एकदम वाजविणारे त्यांचे संगीत त्यात बसावे, म्हणून त्यांनी ती तडजोड पत्करली. आपण ती पेटीबरोबर आयती घेतली.

देवलांनी तडजोड पत्करली नाही. अर्नेस्ट क्लेमेंट्स या सिव्हिल सर्व्हिसमधील इंग्रज अधिकाऱ्याला या विषयाची गोडी होती. त्या दोघांच्या प्रयत्नाने लंडनच्या मूर आणि मूर या कारखान्यात श्रुतींप्रमाणे सूर लावलेली हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी तेथे मांडण्यात आली. परंतु जमलेल्या गायक-पंडितांचे तिने समाधान झाले नाही. एक पेटी जाऊन दुसरी आली, पण दुसरीचेही स्वर तिच्या कर्त्यांनी ठरविलेले. ज्याला ते मान्य नाहीत त्याने काय करावे? पुन्हा लंडनला लिहावे? पुढे १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती जवळजवळ तीन दशके टिकली आणि १९७१ च्या सुमारास सैल होऊ लागली. बंदी हा काही पेटी सुधारण्याचा उपाय नव्हे. पेटी ज्याच्या हाती आहे त्याला ती उघडता यावी, तिच्या सुरांची मांडणी समजावी आणि आपल्या कानाप्रमाणे बदलता यावी, हा खरा उपाय. पण लाकूड, पितळ आणि भाता यांच्या त्या पेटीत सामान्य माणसाला ते साधणे कठीण होते.

आता संगणकाकडे येऊ. संगणक ध्वनी साठवितो तो आकड्यांच्या रूपाने. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्याचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो, आणि संगणक त्या विजेची उंची ठराविक वेळाने मोजून लिहून ठेवतो. हे मोजमाप सेकंदाला सामान्यतः ४४,१०० वेळा होते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजारांपर्यंतची कंपने ऐकू येतात, आणि कोणतेही कंपन नेमके टिपण्यासाठी त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. म्हणून हा आकडा. प्रत्येक मोजमापासाठी ६५,५३६ पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे मोजावयाचे म्हटले, तर एका मिनिटाच्या गाण्याला एक कोटी पाच लाखांहून अधिक बाइट जागा लागते. पन्नास पानी वहीत मावणार नाहीत एवढे आकडे एका क्षणात लिहिले जातात आणि तितक्याच वेगाने वाचून पुन्हा ध्वनी होऊन बाहेर पडतात. एकदा आकडे हाती आले की त्यांचे काहीही करता येते. नको तो खोकला कापून टाकावा, हळू आलेला आवाज वाढवावा, दोन ध्वनिमुद्रणे एकावर एक ठेवावीत. ही सारी बेरीज-वजाबाकीच होय.

परंतु ही बेरीज-वजाबाकी आपल्यासाठी करतो कोण? ती करतात आज्ञावल्या, ज्यांना सर्रास सॉफ्टवेअर म्हणतात. आज्ञावली म्हणजे संगणकाने कोणत्या क्रमाने काय करावे याचे माणसाने लिहिलेले लिखाण. ते मूळ लिखाण वाचले की यंत्र कसे काम करते ते कळते. पण बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक आज्ञावल्यांचे मूळ लिखाण ग्राहकाला देत नाहीत. त्याचे यंत्रालाच कळेल असे रूपांतर करून तेवढेच हाती ठेवतात. शिजलेले जेवण मिळते, कृती मिळत नाही. संगीताच्या आज्ञावल्यांत हे अधिक जाणवते, कारण त्यांच्या पोटात पुन्हा तीच बारा पट्ट्यांची पेटी बसलेली असते. निरनिराळ्या कंपन्यांच्या विद्युत्-वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ साली ‘मिडी’ नावाची एक सांकेतिक पद्धत ठरली. ती उपयुक्त खरीच. पण तीत स्वराला ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो, आणि सामान्यतः प्रत्येक क्रमांक म्हणजे एक पट्टी. आपला ३०० कंपनांचा गंधार तेथे सरळ मागता येत नाही; मिळतो तो ३०२.४ चा. देवलांची अडचण अशी सत्तर वर्षांनी पुन्हा दाराशी आली. पेटी उघडता आली तरच तिच्यावर इलाज.

पेटी उघडण्याचा हक्क मागणारी चळवळ संगीतातून निघाली नाही. ती निघाली छपाईच्या एका यंत्रातून. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत असे. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की सर्वांच्या पडद्यावर सूचना यावी अशी सुधारणा त्याने यंत्राच्या आज्ञावलीत केलेली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले; त्यातही कागद अडके, पण त्याची आज्ञावली बंद होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे मूळ लिखाण आहे असे कळल्यावर स्टॉलमनने ते मागितले; परंतु कोणास देणार नाही असे वचन लिहून दिल्यामुळे त्या संशोधकाने नकार दिला. शेजाऱ्याला मदत न करण्याचे वचन, असा त्याचा अर्थ स्टॉलमनने घेतला. १९८३ साली त्याने ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली एक विलक्षण परवाना तयार केला. या परवान्याची आज्ञावली कोणीही कोणत्याही कामासाठी चालवावी, तिचे मूळ लिखाण वाचून हवे तसे बदलावे, तिच्या प्रती इतरांस द्याव्यात आणि आपण केलेल्या सुधारणाही वाटाव्यात. अट एकच, की सुधारलेली प्रत देताना तिच्यावरही हीच मोकळीक कायम ठेवावी. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिण्यास आरंभ केला आणि पुढे तेही याच परवान्याखाली आणले, तेव्हापासून ही चळवळ जगभर पसरली.

येथे मराठी वाचकाची एक मोठी सोय आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि त्यामुळे तिकडे या विषयावर रकानेच्या रकाने वाद झाले. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन निराळे शब्द आहेत, आणि त्यांच्या प्रतिष्ठेतही अंतर आहे. मोबाइलवरील कितीतरी गोष्टी फुकट असतात, मुक्त नसतात. उलट ‘आर्डर’ ही अनेक वाद्ये एकाच वेळी मुद्रित करणारी आज्ञावली मुक्त आहे; तिचे मूळ लिखाण कोणालाही मिळते, पण तयार प्रत हवी असेल तर थोडे पैसे मागतात. त्यात विसंगती काही नाही. महाग आज्ञावलीची चोरून उतरविलेली प्रत गावोगाव हातोहात फिरते. ती तर फुकटही नव्हे आणि मुक्तही नव्हे. शिक्षक म्हणून मला तिच्याबद्दल सर्वांत अधिक खटकते ते हे, की तिच्यामुळे विद्यार्थ्याला पहिला धडा लपविण्याचा मिळतो.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी ‘ऑडॅसिटी’पासून करावा. ही आज्ञावली १९९९ साली डॉमिनिक माझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी लिहावयास घेतली आणि २००० साली ती लोकांपुढे आली. ती जेथे लिहिली गेली ते विद्यापीठ कार्नेगी मेलनच, हा एक गमतीचा योगायोग. ध्वनी मुद्रित करणे, कापणे, जोडणे आणि मिसळणे ही तिची कामे. जुन्या, साध्या संगणकावरही ती चालते. तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. आणि उद्या कोणाला आमच्या घरच्या कोंकणीतून ती आणावीशी वाटली, तर कोणाच्याही कचेरीत अर्ज करावयास नको. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या नावाने जे संगणकाचे पाठ तयार केले आहेत, त्यांत ऑडॅसिटीवरही पाठ आहेत, आणि त्या उपक्रमातील पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. केरळच्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण तर बरीच वर्षे मुक्त आज्ञावल्यांवरच चालले आहे. सीमेच्या अलीकडच्या वा पलीकडच्या आपल्या शाळांना तसे करण्यास कोणाची आडकाठी असावी असे वाटत नाही.

वर केलेली आकडेमोड ऑडॅसिटीत प्रत्यक्ष ऐकून पाहता येते. ध्वनी निर्माण करण्याची सोय तीत आहे. एका पट्टीवर ३०० कंपनांचा साधा ध्वनी तयार करावा, दुसऱ्या पट्टीवर ३०२.४ चा, आणि दोन्ही एकदम वाजवावे. आवाज पाळण्यासारखा वर-खाली होताना ऐकू येईल. पाच सेकंदांत बारा हेलकावे मोजता येतात. मग करवतीच्या दात्यांसारख्या आकाराचा २४० चा ध्वनी करावा, आणि त्याच आकाराचा गंधार एकदा ३०० चा व एकदा ३०२.४ चा त्याच्याशी जोडून पाहावा. पहिली जोडी स्थिर राहते, दुसरी थरथरते. देवलांनी ज्यासाठी तारा ताणल्या, ते पंधरा मिनिटांत एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या कानांनी पारखता येते.

याच्या पुढची पायरी ‘सीसाउंड’ची. एम.आय.टी.मधील बॅरी व्हर्को यांनी १९८० च्या दशकात ती लिहिली. तीत पट्ट्या नाहीत आणि चित्रेही नाहीत. सारे लिहून सांगावे लागते. कोणते वाद्य, केव्हा, किती वेळ आणि किती कंपनांचा स्वर, असे ओळीमागून ओळ लिहीत जावयाचे. आरंभी हे रुक्ष वाटते, पण गंधाराच्या जागी ३०० हा आकडा आपण स्वतः लिहितो. कोणी म्हणेल की आमच्या घराण्यात तो किंचित उतरा लागतो. त्याने २९९ लिहावे. लंडनला पत्र धाडण्याचे कारण उरले नाही.

‘एल.एम.एम.एस.’ ठेके व सुरावटी रचण्यासाठी आणि ‘म्यूझस्कोर’ पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिण्यासाठी चांगल्या आहेत. बँडपथकातील मुलांना दुसरीचा उपयोग होईल. ‘हायड्रोजन’ मात्र आपल्या भागाला विशेष जवळची ठरावी. ती तालवाद्यांची आज्ञावली आहे. तिच्यासोबत येतात ते ढोल परदेशी असतात. परंतु आपण मुद्रित केलेले ध्वनी तीत बसवून नवे वाद्य तयार करता येते. निपाणी-कोल्हापूरकडच्या हलगीचे घाव, टिमकी, संबळ यांचे एकेक आघात स्वच्छ मुद्रित करून कोणी असा संच केला आणि मुक्त परवान्याने वाटला, तर तो पुण्यातल्या, पणजीतल्या आणि परदेशातल्या मराठी मुलांनाही वापरता येईल. यासाठी भांडवल लागते ते एक चांगला हलगीवाला आणि एक शांत दुपार यांचे.

इतके सांगितल्यावर कोणी विचारील, की ही सारी परदेशी मंडळींची हत्यारे. आपल्या संगीतासाठी म्हणून मुद्दाम कोणी काही केले की नाही? केले आहे, आणि त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स किपन हा इंग्रज अभ्यासक लखनौस उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. कायद्याचा मुखडा एक असतो, पण उस्ताद त्याचे पलटे बांधतात ते कोणत्या नियमाने, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. विचारले तर नियम सांगता येत नाहीत. मात्र चुकीचा पलटा कानी पडताच उस्ताद मान हलवितात. व्याकरण न शिकलेली आजी जशी नातवाचे चुकलेले वाक्य चटकन ओळखते, तसेच हे. बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याने यावर एक युक्ती काढली. भाषेच्या व्याकरणासारखे तबल्याचे नियम लिहावयाचे, संगणकाने त्यांवरून धा, धिन, तिरकिट असे बोल मांडून नवे पलटे रचावयाचे, आणि ते उस्तादांपुढे ठेवावयाचे. उस्तादांनी नापसंत केले, की नियमात दुरुस्ती. यंत्र विद्यार्थी झाले आणि परीक्षक उस्तादच राहिले. या व्यवस्थेतील मर्यादेचे भान मला फार मोलाचे वाटते. या आज्ञावलीचे नाव ‘बोल प्रोसेसर’. त्या काळच्या लहानशा ॲपल संगणकावर ती १९८२ च्या सुमारास चालू लागली. पुढे तिचे मूळ लिखाण सर्वांसाठी खुले करण्यात आले, आणि तिची नवी आवृत्ती सीसाउंडच्या साहाय्याने हव्या त्या श्रुतीत स्वर वाजवू शकते. श्रुतींच्या अभ्यासासाठी याच बेल यांनी १९८० च्या सुमारास विजेवर चालणारी श्रुतिहार्मोनियमही बनविली होती, हे कळल्यावर देवलांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

बेल यांचा मराठीशी संबंध येथे संपत नाही. पुण्यात गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे प्रचंड काम चालविले होते. पिठाची गिरणी आली, जाती थांबली, आणि पहाटेच्या त्या ओव्यांचा प्रसंगच नाहीसा झाला. त्या विस्मरणात जाण्यापूर्वी लिहून घेणे हा त्यांचा उद्योग. एक लाखाहून अधिक ओव्या या संग्रहात आहेत. नव्वदीच्या दशकात बेल या कामात आले, आणि नुसते शब्द लिहून न थांबता गळेही मुद्रित होऊ लागले. शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण त्यातून जमले. प्वातव्हँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली वारले. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केला आहे, आणि तो कोणालाही ऐकता येतो. कागदावरची ओवी आणि गळ्यातली ओवी यांत केवढे अंतर असते, हे तो ऐकल्यावर कळते. शब्द कागदावर उतरतात, पण ओढ, श्वास आणि जात्याची घरघर उतरत नाही. आणि त्या बायांचा गंधार तर बारा पट्ट्यांपैकी कोणत्याच पट्टीवर बसत नाही.

गळ्याचा हा मार्ग डोळ्यांनी पाहण्याचे साधनही मुक्तच आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात पॉल बोएर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बोलण्याच्या अभ्यासासाठी ‘प्राट’ नावाची आज्ञावली लिहिली. डच भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘बोल’ असाच होतो. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात सुवर्णलता राव आणि व्हिम व्हान डर मेअर यांनी तिचा उपयोग करून रागगायनातील मींड आणि आंदोलने यांचे आलेख काढले. गाणे ऐकत असताना स्वराची रेषा वर-खाली सरकताना पाहणे हा विलक्षण अनुभव आहे. ज्याला आपण एक स्वर म्हणतो तो बहुधा एक ठिकाण नसून एक वाट असते, हे त्या रेषेवरून ध्यानात येते.

मुक्त आज्ञावल्यांत सारेच गोड आहे असे मात्र समजू नये. त्यांतील काही वापरावयास अवघड असतात, काहींची माहितीपुस्तके अर्धवट असतात, आणि कर्त्याचा उत्साह ओसरला की एखादी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. व्यवसाय म्हणून ध्वनिमुद्रण करणारे पुष्कळ लोक बंद आज्ञावल्याच वापरतात, आणि त्यांची कारणे अगदीच पोकळ नाहीत. शिवाय मुक्त आज्ञावलीचेही धनी बदलू शकतात. २०२१ साली ऑडॅसिटी एका मोठ्या उद्योगसमूहाकडे गेली, आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यासंबंधीचा मजकूर पाहून बरीच आरडाओरड झाली. तेव्हा काही मंडळींनी तिचेच मूळ लिखाण घेऊन निराळ्या नावांनी आवृत्त्या सुरू केल्या. त्या मूळ लिखाणावर सर्वांचा हक्क असल्याने त्यांना कोणी अडवू शकले नाही. शेवटी त्या समूहाने मजकुरात दुरुस्ती केली. बंद आज्ञावलीच्या ग्राहकांना अशा वेळी तक्रारीपलीकडे काही करता येत नाही.

या साऱ्याचा आपल्याकडे सर्वांत तातडीचा उपयोग मला दिसतो तो घरच्या गाण्यांसाठी. निपाणी ही तंबाखूची पेठ. विड्या वळणाऱ्या आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्या येथे होऊन गेल्या. त्यांच्यापैकी आज ज्या सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांना जात्यावरच्या, पाळण्याच्या, लग्नातल्या ओव्या अजून येतात; कित्येकींना मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांतल्या येतात. कोणाची आजी, कोणाची आत्या, कोणाची शेजारीण. ज्यांना हे काम करावेसे वाटेल त्यांच्यासाठी काही सूचना देतो. दुपारची वेळ निवडावी, पंखा बंद करावा, आणि भिंती उघड्या असतील तर खोलीत गोधड्या टाकाव्यात म्हणजे घुमणारा आवाज शोषला जाईल. मोबाइल अथवा मायक्रोफोन गाणाऱ्या बाईच्या तोंडापासून एका वितीवर, किंचित बाजूला ठेवावा. ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’ या स्वरूपात साठवावे; फ्लॅकमध्ये जागा कमी लागते आणि ध्वनीतील काही गळत नाही, एमपीथ्रीमध्ये मात्र गळते. मूळ ध्वनिमुद्रणास हात न लावता कापाकापी त्याच्या प्रतीवर करावी. आवाज स्वच्छ करण्याच्या भरात खोकला, बांगड्यांचा आवाज, मध्येच आलेले हसू हे सारे पुसून टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्या बाईने आपले नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि ओवी कोणाकडून शिकली ते स्वतःच्या तोंडाने सांगावे, आणि आपण त्या दिवसाची तारीख सांगावी.

आज्ञावली मुक्त आहे म्हणून तिच्यात भरलेले गाणेही मुक्त झाले, असे मात्र नव्हे. ओवी त्या बाईची आहे. ती इतरांना ऐकवावी की नाही, नाव द्यावे की नाही, हे तिला स्पष्ट विचारावे, आणि तिचे उत्तरही त्याच मुद्रणात येऊ द्यावे. काही ओव्यांत सासरच्या माणसांची नावे असतात, काहींत न बोलता सोसलेली दुःखे असतात. ‘ही घरातच राहू दे’ असे ती म्हणाली, तर ती घरातच राहावी. पूर्ण झालेल्या मुद्रणाच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. त्यांतील एक तिच्याच घरी द्यावी, तिच्या मोबाइलवर वाजते की नाही हे तिच्यासमोर वाजवून पाहून.